होडीच्या अंगावरचे ओरखडे

होडी ही वापरण्याची वस्तु आहे आणि वापरांत असलेली होडी कोठें ना कोठें घांसली जाणारच. धक्क्याच्या दगडी कोपऱ्याशीं तिची गांठ पडते, ओढून किनाऱ्यावर घेतांना वाळूंतले शिंपले तळाला लागतात, शेजारच्या होडीची नाळ तिच्या कुशीवर येऊन आदळते. आणि संध्याकाळीं पाणी निथळल्यावर तिच्या शुभ्र अंगावर एखादी करडी रेघ उमटलेली दिसते. ती रेघ पाहणाऱ्या मालकांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाला ती दिसतच नाहीं. दुसऱ्याला तिच्यावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. पहिल्या वर्गाच्या होड्या पाणी पिऊन हळूहळू जड होतात. दुसऱ्या वर्गाच्या होड्या घांसून घांसून, चकाकत चकाकत, अकालीं झिजतात. या भाषणाचा रोख मुख्यतः दुसऱ्या वर्गाकडे आहे, कारण पहिला वर्ग असलीं भाषणें ऐकत नाहीं.

ज्या होडीचा येथें विचार करावयाचा ती लांकडाची नव्हे, फायबरग्लासची. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांत ‘फायबर’ आतां चांगलाच रुळला आहे, आणि हौसेनें शिडाच्या होड्या चालविणाऱ्या शहरी मंडळींच्या होड्या तर बहुतेक याच जातीच्या. मुलांना शीड हांकावयास शिकवितात ती ‘ऑप्टिमिस्ट’ नांवाची चपट्या नाकाची होडी पुष्कळांनीं पाहिली असेल. १९४७ सालीं फ्लॉरिडांतील क्लार्क मिल्स यांनीं ती प्लायवुडची म्हणून आंखली. पुढें ती फायबरग्लासची झाली. लांबी जेमतेम २.३ मीटर, नुसत्या सांगाड्याचें वजन ३५ किलो, आणि चालविणारा पंधरा वर्षांच्या आंतला. अशा होडीला ओरखडे किती पडत असतील याची कल्पना घरांत मुलें असणारांना सहज येईल. पुढील विवेचनांत हीच होडी डोळ्यांपुढें ठेवलेली बरी.

लांकडी होडीचा धर्म निराळा. तिच्या फळ्या प्रथम सांधल्या जातात, सांधे भरले जातात, आणि सर्वांत शेवटीं वरून तेलाचा किंवा रंगाचा हात फिरतो. तो हात दर हंगामाला पुन्हां फिरवावयाचा असतो. म्हणजे तिचें कातडें दरवर्षीं नवें होतें. फायबरग्लासची होडी उलट क्रमानें जन्म घेते. आधीं साचा, साच्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर मेण, त्या मेणावर रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर राळेचा पातळ लेप, आणि तो लेप घट्ट होत आल्यावर त्याच्यावर कांचतंतूंची मॅट व राळ यांचे थर. सर्व कडक झाल्यावर होडी साच्यांतून उचलतात, तेव्हां जो लेप सर्वांत आधीं दिलेला तोच सर्वांत बाहेर येतो. यालाच कारागीर जेलकोट म्हणतात. नव्या होडीची चकाकी कोणा पॉलिश करणाराच्या हाताची नसते. ती साच्याकडून उसनी घेतलेली असते. आणि मुख्य गोष्ट ही, कीं हा लेप एकदांच मिळतो. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलीमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डें एकावर एक ठेवावींत इतकी. तेवढ्या भांडवलावर होडीला सारें आयुष्य काढावयाचें असतें.

हें भांडवल राखावयाचें कशासाठीं? केवळ देखणेपणासाठीं नव्हे. ओहायो संस्थानांतील रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं पॉलिएस्टर राळ व कांचतंतु यांची होडी घडविली, आणि १९५९ च्या आरंभीं न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत ‘ट्रायटन’ ही २८ फुटी होडी मांडली गेल्यावर या नव्या पदार्थाला शिडाच्या होड्यांच्या बाजारांत खरें स्थान मिळालें. त्या काळीं लोकांची समजूत अशी, कीं लांकूड कुजतें, लोखंड गंजतें, पण या पदार्थाला कांहींच होत नाहीं. पुढें कित्येक होड्यांच्या तळांवर फोड उठूं लागले. फोडला तर आंतून आंबूस वासाचें पाणी निघे. १९८० नंतरच्या दशकांत ऱ्होड आयलंड विद्यापीठानें अमेरिकेच्या तटरक्षक दलासाठीं या फोडांचा अभ्यास केला. उलगडा थोडक्यांत असा, कीं जेलकोट पाण्याला सर्वस्वी अडवीत नाहीं, तो केवळ त्याची चाल मंद करतो. झिरपलेलें पाणी राळेंत उरलेलीं विद्राव्य द्रव्यें विरघळवितें. तें दाट झालेलें द्रावण बाहेरचें आणखी पाणी ओढून घेतें. आंतील दाब वाढतो आणि कातडी उचलली जाते. अभंग जेलकोटाची जर ही कथा, तर ज्या चऱ्यांतून कांचतंतु उघडे पडले त्याची गोष्टच नको. तेथें पाण्याला दारच मोकळें असतें, आणि तंतूंच्या कडेकडेनें तें दूरवर जाऊं शकतें. म्हणून एकच ओरखडा पाणरेषेच्या वर असेल तर खरूज आणि खालीं असेल तर क्षय, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. शर्यत संपतांच पाण्याबाहेर येणाऱ्या ऑप्टिमिस्टला हें भय कमी. वर्षाचे दहा महिने नांगरावर झुलणाऱ्या होडीला अधिक.

तेव्हां पहिलें काम औषधाचें नसून परीक्षेचें. होडी गोड्या पाण्यानें व साध्या साबणानें धुवावी आणि कोरडी करावी. मग स्वच्छ फडक्यावर थोडें ॲसिटोन घेऊन ती रेघ पुसून पाहावी. आश्चर्य असें, कीं बऱ्याच रेघा येथेंच नाहींशा होतात. धक्क्याला बांधलेल्या टायरचें रबर, दुसऱ्या होडीचा रंग, डांबराचा ठिपका, असें कांहीं बाहेरचें येऊन चिकटलेलें असतें. होडीचें कांहीं गेलेलें नसतें. ती वजाबाकी नसून बेरीज असते.

जी रेघ उरेल तिच्यावर बोटानें पाणी लावावें. पाणी लागतांच जी दिसेनाशी होते आणि वाळतांच पुन्हां दिसते, ती वरवरची समजावी. तिला पॉलिश पुरेसें आहे. मग रेघेवरून आडवें नख न्यावें. नख अडखळलें नाहीं तर भरावयाचें कारण नाहीं. नख अडकलें तर चरा आहे आणि तो भरावा लागेल. चऱ्याच्या तळाशीं रंग पालटलेला दिसला, हिरवट किंवा पिवळसर अर्धपारदर्शक राळ अथवा केंसांसारखे तंतु दिसले, तर जेलकोट पार झाला. या तीन परीक्षांना पैसा लागत नाहीं आणि वेळ पांच मिनिटें; पण त्या टाळून थेट यंत्राचा घोटा हातीं घेणारे लोक फार.

एक चौथा प्रकार आहे आणि तो फसवा आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एका बिंदूभोंवतीं पसरलेल्या असतात, किंवा एखाद्या कोपऱ्याशीं समांतर रेघा दिसतात. या ओरखड्यानें झालेल्या नव्हेत. तेथें आंतून बाहेरून ठोका बसला आहे, अथवा तो भाग वजनाखालीं लवतो आहे. खालचे थर लवचिक आणि जेलकोट ठिसूळ, म्हणून तो तडकतो. जाड जेलकोट तर अधिकच तडकतो. अशा भेगा नुसत्या भरल्या तर पुढच्या हंगामांत त्याच जागीं त्याच आकृतींत परत येतात. डोलकाठीच्या बुडाशीं किंवा सुकाणूच्या बिजागरीजवळ त्या दिसल्या तर लांबीचा डबा बाजूला ठेवून प्रथम आंतला आधार तपासावा.

वरवरच्या ओरखड्याचें काम सोपें असल्यामुळेंच धोक्याचें आहे. उन्हानें जेलकोटाचा वरचा अंश मरतो. त्यावर तळहात फिरवल्यास खडूसारखी भुकटी लागते. ती भुकटी आणि केंसभर ओरखडे पॉलिशच्या मलमानें, मऊ फडक्यानें, हातानें घोटून जातात. मलम म्हणजे द्रवांत कालविलेली अतिबारीक वाळूच. प्रत्येक घोट्याबरोबर दोन पोस्टकार्डांच्या जाडींतून कांहीं अंश कायमचा जातो. विजेच्या यंत्रानें घोटणारा माणूस एकाच जागीं रेंगाळला, विशेषतः कडेवर किंवा कोपऱ्यावर, तर थोड्याच वेळांत पांढऱ्यांतून खालचा काळपट थर डोकावूं लागतो. तो पाहिल्यावर होणारा पश्चात्ताप कोणत्याहि मेणानें झांकत नाहीं. होडी दहा पावलांवरून सुंदर दिसली कीं पुरे, असा दंडक जुन्या मालकांनीं घालून घेतलेला आढळतो, आणि तो आळसाचा नसून हिशेबाचा आहे.

आतां ज्याला भरणें अवश्य आहे तो चरा घ्यावा. समजा, ऑप्टिमिस्टच्या चपट्या नाकाच्या कोपऱ्यावर बोटभर लांब चरा पडला आहे, नख अडकतें आहे, पण तंतु उघडे नाहींत. नवशिका माणूस येथें एक गोष्ट उलट करतो: तो आधीं घांसतो आणि मग पुसतो. होडीवर मेण असतें. घांसण्यानें तें मेण चऱ्यांत दडपलें जातें आणि नवी राळ तेथें धरत नाहीं. म्हणून ॲसिटोननें पुसणें आधीं, घांसणें नंतर, आणि नंतर पुन्हां एकदां पुसणें. दुसरी गोष्ट मनाला पटावयास जड जाते, ती ही कीं चरा भरण्यापूर्वीं तो मोठा करावा लागतो. अरुंद फटींत दाट राळ उतरत नाहीं. ती वरच पूल बांधते, खालीं हवा राहते, आणि कांहीं दिवसांनीं तो पूल निखळतो. यासाठीं पटाशीच्या टोकानें किंवा टोंकदार खरवडणीनें चऱ्याच्या दोन्ही कडा उतरत्या करून त्याला उथळ पन्हळीचा आकार द्यावा. पन्हळीच्या आंत जरा खरखरीत पॉलिशपेपर फिरवावा, म्हणजे राळेला पकड मिळते. मग चऱ्याच्या दोहों बाजूंस, कडेपासून दोन तीन मिलीमीटर सोडून, चिकटपट्टी लावावी. ही पट्टी पुढें घांसतांना भोंवतालच्या निरोगी कातड्याचें रक्षण करते.

तंतु उघडे असतील तर एक पायरी वाढते. खारें पाणी तेथें मुरलेलें असतें. तें गोड्या पाण्यानें वारंवार धुवून, होडी छपराखालीं ठेवून, पूर्ण वाळूं द्यावें लागतें. तंतु तुटले असतील तर आधीं मॅट व राळ लावून तो भाग मजबूत करावा; जेलकोट हा दागिना आहे, हाड नव्हे. येथें कोणी इपॉक्सीची लांबी वापरतात. ती फार चिवट खरी, परंतु तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट भरंवशानें धरत नाहीं. इपॉक्सी वापरली तर वर रंगच द्यावा.

रंग जुळविणें ही या कामांतली खरी कसोटी. पांढरा म्हणजे एकच रंग, अशी ज्याची समजूत असेल त्यानें दोन पांढऱ्या होड्या शेजारीं ठेवून पाहाव्या. एक निळसर, दुसरी दुधाळ, आणि दहा उन्हाळे काढलेली तिसरी किंचित् पिवळी. डब्यांतला पांढरा जेलकोट त्या जुन्या अंगावर लावला तर धोतराला नवें ठिगळ लावावें तसा दिसतो. त्यांत पिवळ्या, तपकिरी किंवा काळ्या रंगद्रव्याचा सुईच्या टोंकावर मावेल एवढा अंश मिसळून पाहावा लागतो. जुळवणी भुकटी धरलेल्या अंगाशीं न करतां, पॉलिश केलेल्या स्वच्छ तुकड्याशीं, आणि दिवसाच्या उजेडांत करावी. मिश्रणाचा थेंब होडीवरच, हार्डनर न घालतां, टेकवून पाहावा व पुसून टाकावा. तो थेंब ज्या वेळीं दिसेनासा होईल त्या वेळीं रंग जवळ आला. तरीहि घट्ट झाल्यावर छटा थोडी बदलते, म्हणून पुठ्ठ्यावर एक नमुना घट्ट करून पाहिल्याखेरीज पुढें जाऊं नये. गडद निळ्या व तांबड्या होड्यांच्या वाटेस हौशी माणसानें जपूनच जावें. त्यांच्यावरील ठिगळ लपत नाहीं.

हार्डनर म्हणजे मिथाइल एथिल कीटोन पेरॉक्साइड. नांव लांब आहे आणि स्वभाव वाईट आहे. त्याचा एक थेंब डोळ्यांत उडाला तर दृष्टि जाऊं शकते. म्हणून डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातांत मोजे घातल्याशिवाय बाटलीचें बूच काढूं नये. राळेला वेग देणारें कोबाल्टचें द्रव्य निराळ्या बाटलींत मिळतें. तें आणि हार्डनर हीं दोन एकमेकांत सरळ कधींहि मिसळूं नयेत, स्फोट होतो. तयार जेलकोटांत बहुधा कोबाल्ट आधींच घातलेलें असतें, आणि तसाच डबा घरगुती कामाला घेणें शहाणपणाचें. प्रमाण शेंकडा एक ते दोन: ५० ग्रॅम जेलकोटाला अर्धा ते एक ग्रॅम. डोळ्याच्या अंदाजानें हें काम करूं नये. लहान तराजू किंवा औषधाची पिचकारी वापरावी. कमी पडलें तर मिश्रण कधींच पुरें घट्ट होत नाहीं. जास्त झालें तर तें तापतें, आक्रसतें आणि ठिसूळ होतें. आपल्याकडील उन्हांत तें दहा पंधरा मिनिटांतच वाटींत आळूं लागतें, म्हणून सकाळीं, सावलींत, आणि थोडें थोडें कालवावें. स्टायरीनचा उग्र वास नभोवाणीवरून ऐकवितां येत नाहीं हें श्रोत्यांचें भाग्य. प्रत्यक्ष काम मात्र मोकळ्या हवेंत, वाफ अडविणारा मुखवटा लावून, विस्तवापासून दूर करावें. मुलांच्या होडीचें काम असलें तरी या पायरीला मुलांना दूरच ठेवावें.

कालविलेलें मिश्रण काडीनें चऱ्याच्या तळापासून, हवा कोंडूं न देतां, भरावें आणि भोंवतालच्या पातळीहून किंचित् उंच ठेवावें, कारण घट्ट होतांना तें आक्रसतें. येथें जेलकोटाचा एक विचित्र गुण आड येतो. हवा लागलेला त्याचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो. कारखान्यांत वरून थर चढत असल्यामुळें हा गुण उपयोगी, कारण पुढचा थर त्याला घट्ट धरतो. दुरुस्तींत मात्र तो अडचणीचा. उपाय दोन. एक, मिश्रणांत मेणाचा द्राव घालणें. तें मेण वर तरंगून हवा तोडतें. दुसरा व लहान चऱ्याला अधिक सोईचा, म्हणजे भरलेल्या जागेवर सेलोफेनचा तुकडा ताणून बसवून कडा चिकटपट्टीनें बंद करणें. सेलोफेन नीट बसला तर खालचा भाग गुळगुळीत निघतो आणि घांसण्याचें अर्धें काम वांचतें.

दुसऱ्या दिवशीं नखानें दाबून पाहावें. खूण उमटली नाहीं तर घांसण्यास हरकत नाहीं. उंच राहिलेला भाग लांकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या कागदानें उतरवावा. नुसत्या बोटांनीं घांसलें तर बोटांच्या आकाराचे खळगे पडतात. ४०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यांत भिजवून आरंभ करावा, मग ६००, ८००, १२०० आणि हौस असल्यास २०००. प्रत्येक कागदाचें काम एवढेंच, कीं आधीच्या कागदानें पाडलेल्या रेघा पुसून टाकणें. म्हणून दर वेळीं दिशा बदलावी, म्हणजे कोणत्या रेघा उरल्या तें कळतें. किती घांसावें हें ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे. चिकटपट्टी काढल्यावर ठिगळ आणि भोंवतालची जागा यांवर शिसपेन्सिलीच्या फिकट रेघा माराव्या. ठिगळावरच्या रेघा आधीं जातात. भोंवतालच्या रेघा जाऊं लागल्या कीं थांबावें, कारण तेथून पुढें नवें ठिगळ नव्हे तर जुनें कातडें झिजूं लागतें. त्यानंतर मलमाचा हलका घोटा आणि मेण.

पावसाळ्याचा प्रश्न उरतो. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, हातीं रिकामा वेळ असतो. म्हणून दुरुस्तीला हेच दिवस योग्य असें वाटतें. वास्तविक हवेंतील ओल या कामाची वैरी आहे. त्या दिवसांत होडी धुवावी, पालथी घालावी, पाण्याचा थेंब आणि नख घेऊन तिचें अंग तपासावें, चऱ्यांवर पेन्सिलीनें खुणा कराव्या. भरण्याचें काम कोरड्या हवेंत, पाऊस ओसरल्यावर करावें. तातडीच असेल तर उघड्या चऱ्यावर चिकटपट्टी लावून कांहीं दिवस निभावतां येतें.

वाटींत उरलेलें मिश्रण लगेच कागदांत गुंडाळून टाकूं नये. तें घट्ट होतांना इतकें तापतें कीं कागद पेटूं शकतो. उघड्यावर, दगडावर ठेवून तें कडक होऊं द्यावें. आणि त्याचाच एक लहान तुकडा मोडून घेऊन, कोणता रंग किती घातला, हार्डनर किती, दिवस कोणता, हें सारें एका चिठ्ठीवर लिहून दोन्ही एका डबींत होडीच्या सामानाबरोबर ठेवावें. ऑप्टिमिस्टचें नाक त्याच कोपऱ्यावर पुन्हां धक्क्याला लागणार आहे, आणि त्या वेळीं पांढऱ्यांत पिवळा किती घातला होता हें कोणालाहि आठवणार नाहीं.